चेंडू खाली येतो, मग चंद्र का येत नाही?

हातात एक चेंडू धरा आणि बोटं सैल सोडा. चेंडू खाली जातो. त्याला कोणी ढकललं नाही, दोरी बांधून ओढलं नाही, तरी तो गेला. वर गेला नाही, बाजूला गेला नाही, होता तिथेच तरंगत राहिला नाही. हे आपण जन्मापासून इतक्या वेळा पाहिलेलं असतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. पण हा प्रश्न नीट विचारायला आणि त्याचं पटेल असं उत्तर द्यायला माणसाला हजारो वर्षं लागली.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. पृथ्वी चेंडूला आपल्याकडे ओढते आणि या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. परीक्षेत एवढं लिहिलं तरी गुण मिळतात. मला मात्र खरी गंमत इथून पुढे आहे असं वाटतं, कारण एवढं मान्य केलं की लगेच अडचणीचे प्रश्न उभे राहतात. पृथ्वी चेंडूला ओढते, तर चंद्राला का सोडते? जड वस्तूला ती जास्त जोराने ओढत असेल, तर जड वस्तू आधी का पडत नाही? पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहणारी माणसं घसरून आकाशात का जात नाहीत?

ओढ सगळ्यांची, सगळ्यांवर

लोहचुंबकाशी तुम्ही खेळला असाल. तोही टाचणीला लांबूनच ओढतो. पण चुंबकाची आवडनिवड असते. लोखंड दिसलं की तो ओढणार, कागद किंवा लाकडाकडे ढुंकूनही पाहणार नाही. शिवाय दोन चुंबक उलटसुलट धरले तर ते एकमेकांना दूरही ढकलतात. गुरुत्वाकर्षणाचं असं काही नाही. दगड, पाणी, हवा, पीस, तुम्ही, मी, ज्याच्यात म्हणून काही द्रव्य आहे ते सगळं ओढलं जातं. आणि ही शक्ती फक्त ओढते, ढकलत कधीच नाही.

आयझॅक न्यूटन या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या ओढीचा नियम मांडला. विश्वातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते, असं तो नियम सांगतो. ओढ किती जोराची असेल ते दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे दोन्ही वस्तूंमध्ये द्रव्य किती आहे. द्रव्याच्या या मापाला वस्तुमान म्हणतात आणि ते किलोग्रॅममध्ये मोजतात. एका वस्तूचं वस्तुमान दुप्पट केलं की ओढही दुप्पट होते. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्यातलं अंतर. अंतर वाढलं की ओढ घटते, आणि चांगलीच घटते. अंतर दुप्पट झालं तर ओढ चौथ्या हिश्शावर येते, तिप्पट झालं तर नवव्या, दहापट झालं तर शंभराव्या. पण ती संपते अशी जागा कुठेच येत नाही. हे तेवढं ध्यानात ठेवा, चंद्रापाशी पोचलो की त्याचं काम पडणार आहे.

प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, तर तुमच्यासमोरचं पुस्तक आणि पेनही एकमेकांना ओढत असणार. ओढतातच. मग ती सरकत सरकत एकमेकांना चिकटत का नाहीत? कारण गुरुत्वाकर्षण ही फार दुबळी शक्ती आहे. पुस्तक आणि पेन यांच्यातली ओढ इतकी क्षीण असते की टेबलाच्या घर्षणापुढे तिचं काही चालत नाही. पृथ्वीची ओढ आपल्याला जाणवते त्याचं कारण पृथ्वीचं वस्तुमान. ते साधारण ६ वर २४ शून्यं एवढे किलो आहे. ओढ दुबळी असली तरी ओढणारं इतकं प्रचंड असेल, तर चेंडूची काय बिशाद!

पण लहान वस्तूंमधली ओढ खरोखर असते, हे कशावरून? हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या अतिशय लाजऱ्या, अबोल इंग्रज शास्त्रज्ञाने ती १७९८ मध्ये मोजून दाखवली. त्याने साधारण सहा फुटांचा एक लाकडी दांडा मधोमध तारेला आडवा टांगला आणि दांड्याच्या दोन टोकांना शिशाचा एकेक छोटा गोळा अडकवला. मग त्यांच्याजवळ शिशाचे दोन मोठे गोळे आणले. त्यातला एकेक गोळा सुमारे १५८ किलोचा, म्हणजे दोन-तीन मोठ्या माणसांच्या वजनाएवढा. मोठ्या गोळ्यांनी छोट्या गोळ्यांना ओढलं तर दांडा अगदी किंचित फिरणार आणि तारेला पीळ पडणार, ही कल्पना. अडचण अशी की खोलीत माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलते आणि तेवढ्यानेही दांडा डुलतो. म्हणून कॅव्हेंडिशने उपकरण बंद खोलीत ठेवलं आणि स्वतः बाहेर उभा राहून भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने पाहिलं. दांडा फिरला. काही मिलिमीटरच, पण फिरला. शिशाने शिशाला ओढलं होतं.

या मोजमापातून एक मोठीच गोष्ट हाती आली. शिशाचा गोळा किती जोराने ओढतो ते कळलं, पृथ्वी किती जोराने ओढते ते आधीपासून माहीत होतं. मग पृथ्वीत किती द्रव्य असलं पाहिजे याचा हिशेब मांडता आला. आपली पृथ्वी तिच्याएवढ्याच आकाराच्या पाण्याच्या गोळ्यापेक्षा सुमारे साडेपाचपट जड आहे, असं उत्तर निघालं. आजच्या मोजमापातूनही जवळजवळ तेच येतं. तराजूत न घालता पृथ्वी तोलली गेली!

आता नियम नीट वाचला तर आणखी एक चक्रावणारी गोष्ट दिसेल. ओढ दोन्ही बाजूंनी असते. पृथ्वी चेंडूला जेवढ्या जोराने ओढते, अगदी तेवढ्याच जोराने चेंडू पृथ्वीला ओढतो. चेंडू सोडलात की चेंडू खाली येतो आणि पृथ्वीही त्याच्याकडे वर सरकते. फक्त ती इतकी अवजड आहे की तिचं सरकणं एका अणूच्या कोट्यवधीव्या भागाएवढंही नसतं. कुठल्याच यंत्राला ते दिसणार नाही. ओढणारा चंद्राएवढा मोठा असेल तर मात्र परिणाम डोळ्यांना दिसतो. चंद्र पृथ्वीला ओढतो आणि समुद्राला भरती येते.

खाली म्हणजे नेमकं कुठे?

एक पृथ्वीगोल घ्या. त्याच्या वरच्या बाजूला बोट ठेवा, मग अगदी खालच्या बाजूला. खालच्या बाजूलाही माणसं राहतात, समुद्र आहेत, झाडं आहेत. ती माणसं डोकं खाली करून लटकलेली नाहीत. त्यांना आपल्यासारखंच सरळ उभं असल्यासारखं वाटतं आणि त्यांच्या हातून सुटलेला चेंडू त्यांच्या पायांकडे जातो.

याचं कारण असं की पृथ्वीचा प्रत्येक कण चेंडूला आपापल्या दिशेने ओढत असतो. पायाखालचा दगड ओढतो, दूरचा डोंगर ओढतो, पार पलीकडच्या बाजूची मातीही ओढते. डावीकडची ओढ आणि उजवीकडची ओढ एकमेकींना खोडून काढतात आणि सगळ्यांची बेरीज केली की उरलेली ओढ पृथ्वीच्या केंद्राकडे जाते. म्हणून जगात कुठेही उभे राहा, पृथ्वीच्या केंद्राची दिशा ती खालची दिशा. अवकाशाला स्वतःचं असं वर किंवा खाली काही नसतं.

समजा, पृथ्वीच्या आरपार, बरोबर केंद्रातून जाणारा बोगदा खणला. (खणता येणार नाही, आत भयंकर उष्णता आणि दाब आहे. पण कल्पना करायला कोण अडवतंय?) त्यात हवाही नाही असं धरा आणि चेंडू सोडा. तो वेग घेत घेत खाली जाईल आणि केंद्रापाशी सगळ्यात जास्त वेगात असेल. तिथे सगळ्या बाजूंनी सारखीच द्रव्याची ओढ असल्यामुळे एकूण ओढ शून्य होते. पण वेग तर आहे, म्हणून चेंडू पुढे जातच राहील. केंद्र ओलांडल्यावर ओढ मागच्या दिशेने लागेल, वेग कमी होत जाईल आणि पलीकडच्या तोंडाशी तो क्षणभर थांबून परत फिरेल. या एका फेरीला सुमारे ४० मिनिटं लागतील. मग उलट फेरी, मग पुन्हा.

पृथ्वी गोल का आहे याचं उत्तरही यातच दडलेलं आहे. सगळं द्रव्य केंद्राकडे ओढलं जात असेल, तर जे उंचावर आहे ते हळूहळू खाली येणार आणि शेवटी गोळा तयार होणार. मोठे ग्रह म्हणूनच गोल आहेत. मंगळाचा फोबोस हा उपग्रह जेमतेम २०-२५ किलोमीटरचा. त्याची ओढ त्याच्याच खडकांना वाकवायला पुरत नाही, म्हणून तो वेडावाकडा राहिला.

जड वस्तू आधी पडते का?

ग्रीसमधला मोठा विचारवंत ॲरिस्टॉटल म्हणाला होता की वस्तू जितकी जड तितकी ती वेगाने पडते. सुमारे दोन हजार वर्षं बहुतेकांनी ते मान्य केलं. खरं म्हणजे पटण्यासारखंच आहे ते. दगड धपकन पडतो, पीस हेलकावे खात येतं.

इटलीतल्या गॅलिलिओने यावर एक झकास प्रश्न टाकला. समजा, जड दगड भरभर पडतो आणि हलका दगड हळू. आता दोघांना दोरीने एकत्र बांधलं तर काय होईल? हलका दगड मागे रेंगाळणार, म्हणजे तो जड दगडाला मागे खेचणार, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडली पाहिजे. पण जोडीचं वजन तर जड दगडाहून जास्त आहे, म्हणजे ती आणखी भरभर पडली पाहिजे. एकच जोडी हळूही पडणार आणि भरभरही? असं होऊच शकत नाही. म्हणजे आपण जिथून सुरुवात केली तीच गोष्ट चुकीची होती. एकही दगड न उचलता त्याने ॲरिस्टॉटलला कोंडीत पकडलं. गॅलिलिओने पिसा शहरातल्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे टाकले ही गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण ती खरी घडली का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. मला तर दगडांच्या जोडीचा हा युक्तिवादच जास्त आवडतो.

तुम्ही स्वतःही हे तपासू शकता. एक वही आणि वहीपेक्षा लहान कागदाचा एक तुकडा घ्या. दोन्ही शेजारी धरून सोडा. वही आधी पडेल, कागद तरंगत येईल. आता कागदाचा घट्ट बोळा करा आणि पुन्हा सोडा. दोन्ही जवळजवळ एकदमच पडतील. कागदाचं वजन तर तेवढंच आहे! बदलला तो आकार. पसरलेल्या कागदाला हवा अडवते, बोळ्याला फारशी अडवू शकत नाही. आता आणखी एक. दुसरा तसाच सपाट कागद वहीच्या वर ठेवा आणि वही आडवी धरून सोडा. कागद वहीबरोबरच खाली येईल, कारण या वेळी हवेला बाजूला सारायचं काम वहीने केलं.

हवाच नसेल तर? चंद्राची ओढ कमी पडल्यामुळे त्याला हवा धरून ठेवता आली नाही, तिथे ती जवळजवळ नाहीच. (पृथ्वीभोवतीची हवा टिकून आहे, तीही पृथ्वी तिला ओढून धरते म्हणूनच.) १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभं राहून एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडली. हातोडा आणि पीस एकाच क्षणी जमिनीला टेकले. त्याचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. अवश्य पाहा, पीस दगडासारखं सरळ खाली जाताना बघायला फार विचित्र वाटतं.

आता तो मघाचा प्रश्न. हातोड्याला ओढ जास्त लागते हे तर खरंच आहे. मग तो पुढे का जात नाही? एक रिकामी हातगाडी आणि एक मालाने गच्च भरलेली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. भरलेली गाडी हलवायला जास्त जोर लागतो. दहापट जड गाडीला दहापट जोराने ढकललं, तर ती रिकाम्या गाडीच्या बरोबरीनेच चालेल, पुढे जाणार नाही. जड वस्तूचं पडणं असंच असतं. पृथ्वी तिला दहापट जोराने ओढते, पण ती हलायलाही दहापट नाखूश असते. दोन्हींचा हिशेब बरोबर फिटतो.

पडणारी वस्तू एकाच वेगाने पडत नाही, हेही गॅलिलिओने दाखवलं. सरळ पडणारी वस्तू इतकी झपाट्याने जाते की त्या काळच्या साधनांनी तिचा वेळ मोजणं कठीण होतं. म्हणून त्याने उतरणीवरून गोळा घरंगळवला, म्हणजे तेच पडणं सावकाश झालं, आणि भांड्यातून वाहून गेलेलं पाणी तोलून वेळ मोजला. पृथ्वीजवळ पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद या हिशेबाने वाढतो. सोपं जावं म्हणून १० धरू. पहिल्या सेकंदात वस्तू साधारण ५ मीटर पडते, दुसऱ्या सेकंदात १५ मीटर, तिसऱ्यात २५ मीटर. १, ३, ५ अशी विषम संख्यांची पट. म्हणूनच खुर्चीवरून उडी मारली तर काही होत नाही आणि उंच गच्चीवरून पडणं जिवावर बेततं.

वर फेकलेल्या चेंडूलाही हाच नियम. वर जाताना त्याचा वेग त्याच हिशेबाने कमी होतो, सगळ्यात वर तो क्षणभर थांबतो आणि परत फिरतो. त्या क्षणी वेग शून्य असतो, ओढ मात्र तेवढीच असते. ओढही शून्य झाली असती तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

आणि फुगा? हलक्या वायूने भरलेला फुगा सुटला की वर जातो, मग त्याला पृथ्वी ओढत नाही का? ओढते. पण त्याच्या आजूबाजूची हवा तेवढ्याच जागेत फुग्यापेक्षा जड असते, तिला जास्त ओढ लागते. ती फुग्याखाली शिरते आणि फुग्याला वर सारते. तोच फुगा चंद्रावर नेऊन सोडला तर तो हातोड्यासारखा खाली पडेल.

वजन बदलतं, वस्तुमान नाही

वजनकाट्यावर उभे राहिलात की काटा खरं तर पृथ्वीची ओढ मोजत असतो. चंद्राच्या पृष्ठभागावरची ओढ पृथ्वीवरच्या ओढीच्या साधारण सहावा भाग आहे. इथे ३० किलो दाखवणारा काटा तिथे ५ किलो दाखवेल. तुम्ही बारीक झाला नाहीत. तुमच्यातलं द्रव्य, म्हणजे वस्तुमान, होतं तेवढंच आहे. गुरूसारख्या महाकाय ग्रहाच्या ढगांपाशी हेच वजन सुमारे अडीचपट भरेल.

एक कोडं. चंद्रावर ताणकाट्याने एक किलोचा दगड तोलला तर वजन कमी दिसेल. पण दोन पारड्यांचा तराजू वापरला, एका पारड्यात दगड आणि दुसऱ्यात एक किलोचं माप ठेवलं तर? पारडी समान राहतील, कारण दोन्हींची ओढ सारखीच घटली. ताणकाटा ओढ मोजतो, तराजू वस्तुमानांची तुलना करतो.

पृथ्वीवरही वजन सगळीकडे अगदी सारखं नसतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती मध्यभागी थोडी फुगलेली आहे आणि विषुववृत्तावरचा माणूस केंद्रापासून ध्रुवावरच्या माणसापेक्षा सुमारे २१ किलोमीटर लांब असतो. या दोन्ही कारणांनी विषुववृत्तावर वजन साधारण अर्धा टक्का कमी भरतं.

चंद्र पडतोच आहे

१६६५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्लेगची साथ आली आणि केंब्रिजचं विद्यापीठ बंद झालं. न्यूटन तेव्हा विशीतला विद्यार्थी. तो आपल्या गावी परतला. तिथल्या बागेत सफरचंद पडताना पाहून आपल्या मनात विचार सुरू झाला, असं त्याने म्हातारपणी एका मित्राला सांगितलं होतं. सफरचंद डोक्यावर पडलं, हे मात्र लोकांनी मागाहून जोडलेलं दिसतं.

सफरचंद पडतं, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. न्यूटनचा प्रश्न वेगळा होता. पृथ्वीची ही ओढ फांदीपर्यंत पोचते. उंच डोंगराच्या माथ्यावरही ती असते. मग ती चंद्रापर्यंतही पोचत असेल का?

त्याचा हिशेब तुम्हालाही करता येईल. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं. सफरचंद केंद्रापासून सुमारे ६,४०० किलोमीटरवर आहे. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, म्हणजे ६० पट लांब. अंतर ६० पट, तर ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पट कमी. सफरचंद पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतं. त्याला ३,६०० ने भागलं की सुमारे १.४ मिलिमीटर येतात. म्हणजे चंद्र एका सेकंदात जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडायला हवा. आणि तो तेवढाच पडतो!

पडतो, तर मग येऊन आदळत का नाही? कारण तो पडता पडता आडवाही धावत असतो. चंद्र दर सेकंदाला सुमारे एक किलोमीटर पुढे जातो. पृथ्वीने ओढलं नसतं तर तो सरळ रेषेत दूर निघून गेला असता. ओढीमुळे त्या सरळ रेषेपासून तो सेकंदाला १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेवढाच, त्यापुढच्या सेकंदाला पुन्हा. असं वळत वळत सुमारे २७ दिवसांत त्याची एक प्रदक्षिणा पुरी होते.

हे समजावण्यासाठी न्यूटनने एक कल्पना मांडली. खूप उंच डोंगरावर तोफ ठेवा आणि गोळा आडवा उडवा. तो पुढे जात जात खाली येईल आणि जमिनीवर पडेल. जास्त वेगाने उडवला तर जास्त लांब पडेल. आणखी वेग, आणखी लांब. पण जमीन काही सपाट नाही, पृथ्वी गोल आहे. साधारण ८ किलोमीटर सरळ पुढे गेलं की जमीन वळणामुळे ५ मीटर खाली गेलेली असते. आणि कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात किती पडते? ५ मीटर. तेव्हा गोळा सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने उडवला, तर तो ५ मीटर पडेपर्यंत जमीनही ५ मीटर खाली गेलेली असेल. तो जमिनीच्या जवळ येणारच नाही. सतत पडत राहील आणि तरीही कधी पोचणार नाही.

खरोखर असं केलं तर हवेच्या घर्षणाने गोळा जळून जाईल, म्हणून हवा अतिशय विरळ होते तितक्या उंचीवर जावं लागतं. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह तसा सोडला गेला आणि न्यूटनचा तोफगोळा २७० वर्षांनी प्रत्यक्ष पृथ्वीभोवती फिरू लागला.

अंतराळवीर का तरंगतात?

वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून, असं उत्तर मोठी माणसंही देतात. ते चूक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. केंद्रापासूनचं अंतर ६,४०० चं ६,८०० झालं, एवढंच. तिथली ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के असते. ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधून त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवला, तर ३० किलोचं मूल तिथे २७ किलोच्या आसपास भरेल. तरंगणार अजिबात नाही.

अंतराळवीर तरंगतात कारण ते पडत असतात. स्थानक पडत असतं, आतली माणसं पडत असतात, त्यांच्या हातातलं पेन पडत असतं आणि सगळे एकाच हिशेबाने पडत असतात, हातोडा आणि पीस यांच्यासारखे. पेन सोडलं तर ते जमिनीकडे जावं कसं? पायाखालची फरशीही तेवढ्याच वेगाने पुढे पडत असते. स्थानक सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने आडवं धावत असल्यामुळे दीड तासात पृथ्वीला एक फेरी होते आणि पडणं संपत नाही.

याचा प्रयोग घराबाहेर, मोठ्यांच्या मदतीने करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक छोटं भोक पाडा, बोटाने ते दाबून धरा, पाणी भरा. झाकण लावू नका. बोट काढलं की भोकातून धार लागेल. आता बाटली उंचावरून सोडून द्या आणि धारेकडे लक्ष ठेवा. बाटली पडत असेपर्यंत धार थांबते. बाटली आणि पाणी बरोबरीने पडत असल्यामुळे पाण्याचा भार बाटलीवर येतच नाही.

हीच गोष्ट १९०७ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या मनात आली. पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवत नाही. हा आपल्या आयुष्यातला सगळ्यात सुखद विचार, असं त्यांनी पुढे म्हटलं. ओढ किती लागते याचा नियम न्यूटनने दिला होता, पण ती मुळात का लागते आणि मधल्या रिकाम्या जागेतून पोचते कशी, हे आपल्याला सांगता येत नाही असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. आइन्स्टाइन त्या प्रश्नावर आठ वर्षं झगडले आणि १९१५ मध्ये त्यांनी नवा सिद्धांत मांडला. द्रव्याच्या भोवती अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात, आणि वस्तू त्या वाकलेल्या वाटेने जाते, तिलाच आपण पडणं म्हणतो. रोजच्या चेंडूसाठी न्यूटनचा नियम पुरतो, दोघांच्या उत्तरांत फरकही पडत नाही. पण अवकाशाबरोबर काळही वाकतो म्हटल्यावर एक विलक्षण गोष्ट निघते, ती अशी की ओढ जिथे जास्त तिथे घड्याळ किंचित हळू चालतं.

हे मोजलं गेलेलं आहे. फोनमधला नकाशा तुमची जागा दाखवतो ती सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांच्या मदतीने. तिथे ओढ कमी, म्हणून घड्याळ पुढे धावतं. उपग्रहाच्या वेगामुळे ते थोडं मागेही पडतं. दोन्ही धरून ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सेकंदाच्या सुमारे ३८ दशलक्षांश भागांनी पुढे जातं. एवढ्यानेही नकाशावरची जागा चुकू लागली असती, म्हणून ती घड्याळं वर पाठवण्याआधीच तेवढी हळू लावून ठेवतात.